छोटी, कडक ऑपरेटिंग सिस्टिम की सगळं भरलेली? ओपनबीएसडी, अल्पाइन, डेबियन आणि क्यूब्स

पायवाट

हा वाद दर थोड्या दिवसांनी निघतो आणि ‘कमी कोड म्हणजे कमी भोकं’ विरुद्ध ‘ती हौशी खेळणी, कामाला डेबियनच’ (लिनक्सचं एक रुळलेलं वितरण) इथेच अडकून बसतो. म्हणून या धाग्यात तीन ठरावीक कामं धरू.

१. नेटवर्कच्या तोंडाशी बसणारा राउटर-फायरवॉल. दोन इथरनेट पोर्ट, चार जीबी मेमरी, स्क्रीन-कीबोर्ड नाही.
२. भाड्याचा छोटा व्हर्च्युअल सर्व्हर. एनजिन्क्स (वेब सर्व्हर), एक पायथन ॲप, पोस्टग्रेस (डेटाबेस).
३. रोजचा लॅपटॉप. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, कागदपत्रं.

कशावर काय लावावं, का, आणि लावल्यावर नेमकं काय मोडतं, एवढंच लिहा. ‘मला आवडते’ हा मुद्दा मोजला जाणार नाही. :)

निळा_कावळा

सुरुवात ओपनबीएसडीपासून करतो, कारण ‘छोटी आणि कडक’ म्हटलं की तिचंच नाव निघतं. १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी नेटबीएसडीतून वेगळी काढली. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते.

आकार हा तिचा खरा मुद्दा नाही. कंपायलर, एक्स (पडद्यावर खिडक्या दाखवणारं), वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, राउटिंगचे डिमन (मागे चालत राहणारे प्रोग्रॅम) हे सगळं मूळ संचातच येतं, त्यामुळे अल्पाइनपुढे (छोटंसं लिनक्स वितरण) ती चांगली जाडजूड आहे. फरक एवढाच की यातलं जवळजवळ काहीच आपण सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. ताज्या इन्स्टॉलवर ‘नेटस्टॅट -एनए -एफ इनेट’ चालवून बघा: बाहेरच्या पत्त्यावर ऐकणारा एसएसएचडी (दुरून लॉगिन घेणारा, ओपनएसएसएचचा डिमन), तोही इन्स्टॉल करताना हो म्हटलं असेल तर. मेलचा डिमन फक्त लूपबॅकवर (यंत्राच्या स्वतःशी बोलायच्या पत्त्यावर).

दुसरी गोष्ट म्हणजे प्लेज (५.९, २०१६) आणि अनव्हेल (६.४, २०१८). प्रोग्रॅम सुरू झाला की ‘यापुढे मी फक्त फाइली वाचेन आणि सॉकेटवर बोलेन’ असं कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) लिहून देतो. तो शब्द मोडला की कर्नल त्याला तिथेच ॲबॉर्टचा सिग्नल देऊन मारतो आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) कुठला सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) होता ते लिहितो. अनव्हेलने फाइल सिस्टिमचा ठरावीक भागच दिसतो. कोण किती बांधलेलं आहे हे ‘पीएस -एएक्स’ च्या स्थितीच्या रकान्यात कळतं: लहान पी म्हणजे प्लेज केलेलं, मोठं यू म्हणजे अनव्हेल कुलूपबंद.

तिसरं, कर्नल दर बूटला पुढच्या बूटसाठी नव्या क्रमाने जोडला जातो (६.२ पासून). इतर ठिकाणी कर्नलचा अख्खा ठोकळा एका यादृच्छिक अंतराने सरकतो, त्यामुळे एक पत्ता फुटला की बाकीचे सगळे वजाबाकीने निघतात. इथे आतल्या फाइलींचा क्रमच वेगळा असल्याने एका पत्त्यावरून दुसरा काढता येत नाही.

खवचट_खारूताई

संकेतस्थळावरची ती प्रसिद्ध ओळ, ‘मूळ इन्स्टॉलमध्ये आजवर फक्त दोन दूरस्थ भोकं’, ती ‘मूळ इन्स्टॉल’ या शब्दांवर उभी आहे. (२००२ चं ओपनएसएसएच आणि २००७ चं आयपीव्ही६ मधलं, ती ही दोन.) जी सिस्टिम काहीच चालू करत नाही तिच्यात दुरून भोक सापडणार कसं? जानेवारी २०२० मध्ये ओपनएसएमटीपीडीत (तिच्या मेल डिमनमध्ये) रूटने हवी ती आज्ञा चालवण्याचं भोक निघालं. पाठवणाऱ्याच्या पत्त्याची तपासणी कच्ची होती. डिमन मुळात लूपबॅकवर ऐकतो म्हणून हे त्या मोजणीत आलं नाही. पण मेल सर्व्हर लावणारा माणूस तो बाहेर उघडूनच लावणार ना? त्याच्या आदल्या महिन्यात, डिसेंबर २०१९ मध्ये, लॉगिन तपासणीलाच बगल देणारं भोक निघालं होतं. वापरकर्त्याचं नाव डॅशने सुरू केलं की पुढचा प्रोग्रॅम त्याला पर्याय समजायचा.

आणि एनजिन्क्स, पायथन, पोस्टग्रेस हे सगळं पॅकेजमधून येणार. मूळ संचासारखी ओळ-ओळ छाननी तिथे नसते. क्रमांक दोनच्या कामात हल्ला होईल तो पायथन ॲपवर. ते ॲप प्लेज करत नाही.

शून्य_सहा

खारूताईंशी सहमत, पण नाण्याची दुसरी बाजू २०२४ च्या दोन घटनांत बघा. नुसत्या ‘कोड किती’ या मोजमापापेक्षा त्या जास्त शिकवतात.

मार्च २०२४, एक्सझेड (फाइली आकसून लहान करणारा प्रोग्रॅम). ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार घातलं गेलं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे अँड्रेस फ्रॉइंड यांना खटकलं म्हणून ते उघडकीला आलं. आता गंमत अशी की ओपनएसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. काही वितरणांनी ‘सेवा उठली’ हे सिस्टिमडीला (लिनक्सवर सेवा सुरू करणारा, सांभाळणारा) कळवण्यासाठी पॅच लावला, त्याने लिबसिस्टिमडी ओढली आणि तिने लिबएलझेडएमए, म्हणजे एक्सझेडची लायब्ररी. एका निरोपासाठी अख्खी संकुचन लायब्ररी रूटच्या प्रक्रियेत. पॅच नसलेल्या ओपनबीएसडीत आणि मसलवर (छोटी सी लायब्ररी) चालणाऱ्या अल्पाइनमध्ये ते दार उघडत नव्हतं. मात्र न्यायाने हेही सांगायला हवं की ते डेबियन स्टेबलपर्यंतही पोचलं नाही. टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्येच पकडलं गेलं.

जुलै २०२४, रेग्रेशियन (ओपनएसएसएचमधल्या भोकाचं नाव). लॉगिनची मुदत (मुळात १२० सेकंद) संपली की एसएसएचडीत अलार्मचा सिग्नल येतो आणि त्याच्या हाताळणीत सिसलॉग (नोंद लिहिणारं फंक्शन) बोलावला जातो. ग्लिबसीचा (बहुतेक लिनक्सची सी लायब्ररी) सिसलॉग आत मेमरी मागतो, आणि सिग्नलच्या मधोमध ते सुरक्षित नाही. २००६ मध्ये बुजवलेलं हे भोक ८.५पी१ मध्ये परत उघडलं आणि ९.८पी१ मध्ये बंद झालं. ओपनबीएसडी वाचली, कारण तिथे अशा जागी वापरायचा वेगळा सुरक्षित सिसलॉग २००१ पासून आहे. म्हणजे तोच एसएसएचडी, तोच दोष, पण खालच्या सी लायब्ररीमुळे निकाल वेगळा. ओपनएसएसएच चालवणारं यंत्र ‘छोटं’ आहे का हा प्रश्नच इथे गैरलागू होता.

पायवाट

हे दोन्ही नोंदवले. म्हणजे ‘ओळी किती’ यापेक्षा ‘रूटच्या प्रक्रियेत कुणाकुणाचा कोड येऊन बसलाय’ हे तपासायचं. लिनक्सवर एलडीडी एसएसएचडीवर चालवून लायब्रऱ्यांची यादी बघितली की कळेल?

शून्य_सहा

हो. फक्त अनोळखी बायनरीवर एलडीडी चालवू नका, काही परिस्थितींत तो ती बायनरी प्रत्यक्ष चालवतो. तिथे ‘ऑब्जडम्प -पी’ आणि त्यातल्या ‘नीडेड’ च्या ओळी बघायच्या. त्यात फक्त थेट लागणाऱ्या लायब्रऱ्या दिसतात, पुढची साखळी एकेक करून काढावी लागते.

गाठोडं

क्रमांक दोनसाठी डेबियन स्टेबल, आणि ते ‘मुकाट’ लावण्यापेक्षा सिस्टिमडीलाच कामाला लावा. त्याला शिव्या घालणाऱ्यांपैकी फार थोडे त्याच्या कुंपणांचा वापर करतात. ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ सिक्युरिटी’ चालवा, प्रत्येक सेवेला ० ते १० उघडेपणाचा गुण मिळतो. जास्त म्हणजे वाईट. हाताने लिहिलेली पायथन सेवा हमखास नऊच्या वर असते. मग ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ करून एवढं घाला:

नोन्यूप्रिव्हिलेजेस=येस
प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट
रीडराइटपाथ्स=/व्हार/लिब/ॲपचं-नाव
प्रोटेक्टहोम=येस
प्रायव्हेटटीएमपी=येस
कॅपॅबिलिटीबाउंडिंगसेट= (बरोबरच्या चिन्हापुढे काहीही नाही)
सिस्टिमकॉलफिल्टर=@सिस्टिम-सर्व्हिस
रिस्ट्रिक्टॲड्रेसफॅमिलीज=एएफ_इनेट एएफ_इनेट६ एएफ_युनिक्स

एकेक ओळ घालून सेवा परत सुरू करत जा, सगळ्या एकदम नाही. सेवा २२६/नेमस्पेस सांगून पडली तर रीडराइटपाथ्समधली डिरेक्टरी अस्तित्वातच नाही. सिग्नल ३१, म्हणजे एसवायएस, दिसला तर सिस्टिम कॉलच्या गाळणीने मारलंय. एएफ_युनिक्स विसरलात तर पोस्टग्रेसच्या स्थानिक सॉकेटशी जोडणी होणार नाही आणि दोष डेटाबेसवर जाईल. ‘मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट’ साध्या पायथनला बहुतेक चालतं. नोड, जावा अशा धावताना कोड बनवणाऱ्या मंडळींना मोडतं.

ॲपआर्मर (प्रोग्रॅमवर बाहेरून मर्यादा घालणारा) डेबियन १० पासून मुळातच चालू असतो. पॅचेससाठी अनअटेंडेड-अपग्रेड्स, आणि त्याच्या जोडीला नीडरिस्टार्ट. लायब्ररी बदलली तरी चालू प्रक्रिया मेमरीतली जुनीच धरून बसते, हे लोक विसरतात.

निळा_कावळा

चांगली यादी आहे. फक्त एक मूलभूत फरक: प्लेज हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आतून घातलेलं बंधन, म्हणून ते ‘सुरुवातीची तयारी झाली, आता हक्क सोडले’ अशा टप्प्यांनी आवळता येतं. सिस्टिमडीचं कुंपण बाहेरून पडतं आणि सुरुवातीला लागणाऱ्या गोष्टीही शेवटपर्यंत उघड्या ठेवाव्या लागतात. शिवाय बाहेरची गाळणी लायब्ररीच्या बदलाने तुटते. ग्लिबसी २.३४ ने धागे बनवायला क्लोन३ हा नवा सिस्टिम कॉल वापरायला घेतला, तेव्हा जुन्या कंटेनर इंजिनांच्या गाळण्यांनी ‘असा कॉल नाही’ ऐवजी ‘परवानगी नाही’ असं उत्तर दिलं. ग्लिबसीने जुन्या कॉलकडे वळायचं ते वळलंच नाही आणि आतले प्रोग्रॅम धागे बनवताना पडू लागले. उत्तरातल्या एका चूक-क्रमांकाचा फरक.

खवचट_खारूताई

ओपनबीएसडीवर पोस्टग्रेस लावणार असाल तर आधीच सांगून ठेवते. पॅकेजबरोबर /यूएसआर/लोकल/शेअर/डॉक/पीकेजी-रीडमीज मध्ये टिपण येतं, ते वाचा. जोडण्या वाढवल्या की कर्नलच्या सेमाफोरच्या मर्यादा (कर्न.सेमइन्फो.सेमएमएनआय आणि सेमएमएनएस) वाढवाव्या लागतात. दुसरं, आवृत्ती बदलल्यावर ‘पीकेजी_ॲड -यू’ पोस्टग्रेसची मोठी आवृत्तीही बदलू शकतो, आणि नवा सर्व्हर जुन्या आवृत्तीची डेटा डिरेक्टरी उघडतच नाही. मग पोस्टग्रेस-प्रीव्हियस घालून पीजी_अपग्रेड. आधी पीजी_डम्पऑलने सगळं उतरवून ठेवलं असेल तर जीव टांगणीला लागत नाही. डेबियनमध्ये स्टेबल आवृत्तीच्या आयुष्यात मोठी आवृत्ती बदलत नाही.

पायवाट

क्रमांक दोन डेबियनकडे झुकतोय. अल्पाइनचं कुणीच बोललं नाही?

तिखटमीठ

मी बोलते. अल्पाइन म्हणजे लिनक्स कर्नल, मसल, बिझीबॉक्स (नेहमीच्या आज्ञांचा छोटा संच) आणि ओपनआरसी (सेवा सुरू करणारा). कंटेनर आठ एमबीच्या आत, डिस्कवर किमान इन्स्टॉल सुमारे १३० एमबी. सगळ्या बायनरी ‘पाय’ (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चढू शकणारा कोड) आणि स्टॅक-संरक्षणासह बांधलेल्या. इतपत गोड. तिखट भाग पुढे:

मसलवर नव्या थ्रेडला मुळात १२८ केबीचा स्टॅक मिळतो, ग्लिबसीवर साधारण ८ एमबी. खोल पुनरावृत्ती करणारा कोड कसलाही निरोप न देता सेगफॉल्ट देतो आणि लोक मेमरी तपासत बसतात. उपाय: बांधताना लिंकरला स्टॅकचा आकार द्या, किंवा कोडमध्ये थ्रेडच्या गुणधर्मात.

डीएनएस. मसल १.२.४ (२०२३) पर्यंत मोठं उत्तर आलं तर टीसीपीवर परत विचारायची सोय नव्हती. जुन्या प्रतिमांवर काही नावं सापडतच नाहीत याचं कारण हे. शिवाय रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या सगळ्या नेमसर्व्हरना मसल एकदम विचारतं आणि पहिलं उत्तर घेतं. पहिला सर्व्हर आतला आणि दुसरा सार्वजनिक अशी मांडणी असेल तर आतली नावं कधी लागतात, कधी नाही. ही तक्रार ‘नेटवर्क हलतंय’ म्हणून येते.

पायथनची तयार चाकं (‘व्हील’, आधीच बांधून ठेवलेली पॅकेजेस) बरीचशी ग्लिबसीसाठी. मसलसाठी वेगळा शिक्का २०२१ पासून आहे, तरी ज्या पॅकेजने तो दिलेला नाही ते तुमच्या यंत्रावर कंपाइल व्हायला लागतं. म्हणजे जीसीसी, हेडर, कधी रस्टसुद्धा. पाच एमबीच्या प्रतिमेवर पाचशे एमबीचा पसारा. पायथन ॲपसाठी अल्पाइन घेऊच नका असं माझं स्पष्ट मत. डेबियनची स्लिम प्रतिमा कमी त्रासाची.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: ‘दोन वर्षं आधार’ हा फक्त मेन रिपॉझिटरीला. कम्युनिटीमधल्या पॅकेजेसना पुढची आवृत्ती येईपर्यंतच, म्हणजे सहा महिने. ‘एपीके पॉलिसी’ पुढे पॅकेजचं नाव द्या, कुठून आलंय ते दिसेल. बाहेरून दिसणारी सेवा कम्युनिटीतली असेल तर दोन वर्षांचा हिशोब विसरा.

निळा_कावळा

+१. शेवटचा परिच्छेद ठळक करून ठेवण्यासारखा.

शून्य_सहा

आता क्रमांक एक. इथे मात्र मी ओपनबीएसडीच म्हणेन, कारण लागणारं सगळं (फायरवॉल पीएफ, आतल्या यंत्रांना पत्ते वाटणारा डीएचसीपीडी, डीएनएससाठी अनबाउंड, ६.८ पासून कर्नलमध्येच व्हीपीएनसाठी वायरगार्ड) मूळ संचात आहे. पॅकेज शून्य, म्हणजे पॅचसाठी ‘सिसपॅच’ ही एकच आज्ञा. ती एएमडी६४, एआरएम६४ आणि आय३८६ वरच चालते, यंत्र घेताना बघा.

बाहेरचा पोर्ट ईएम०, आतला ईएम१ धरतो.

/ईटीसी/होस्टनेम.ईएम० मध्ये: इनेट ऑटोकॉन्फ
/ईटीसी/होस्टनेम.ईएम१ मध्ये: इनेट १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०
/ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ मध्ये (नावातलं कंट्रोल तिथे सीटीएल असं आखूड असतं): नेट.इनेट.आयपी.फॉरवर्डिंग=१

पीएफ.कॉन्फ:

सेट स्किप ऑन एलओ
मॅच आउट ऑन इग्रेस इनेट फ्रॉम !(इग्रेस:नेटवर्क) टू एनी नॅट-टू (इग्रेस:०)
ब्लॉक ऑल
पास आउट इनेट
पास इन ऑन ईएम१ इनेट

मग ‘आरसीसीटीएल एनेबल डीएचसीपीडी’, ‘आरसीसीटीएल सेट डीएचसीपीडी फ्लॅग्ज ईएम१’, तसंच अनबाउंड. अनबाउंडला इंटरफेस १९२.१६८.१०.१ आणि ॲक्सेस-कंट्रोलमध्ये १९२.१६८.१०.०/२४ अलाऊ द्या. दुसरं विसरलात तर डीएनएसला ‘रिफ्यूज्ड’ उत्तर येतं आणि वाटतं की नॅट (आतल्या पत्त्यांच्या जागी बाहेरचा पत्ता लावणं) चुकलंय.

अडकण्याच्या जागा:

पीएफमध्ये जुळणारा शेवटचा नियम लागू होतो, आयपीटेबल्ससारखा पहिला नाही. ‘क्विक’ लिहिलं तरच तिथे थांबतो. सवयीने वर ‘पास’ आणि तळाशी ‘ब्लॉक ऑल’ लिहिणारा स्वतःलाच कोंडून घेतो.

‘पीएफसीटीएल -एनएफ /ईटीसी/पीएफ.कॉन्फ’ फक्त व्याकरण तपासतं, अक्कल नाही. आणि नवे नियम चढवले तरी आधीच्या जोडण्यांच्या नोंदी तशाच राहतात, म्हणून चालू एसएसएच खिडकी सुरूच असते आणि सगळं ठीक वाटतं. नियम चढवण्याआधी जुनी फाइल बाजूला ठेवून ‘(स्लीप १२०; पीएफसीटीएल -एफ जुनी-फाइल) &’ सोडा, मग दुसऱ्या खिडकीतून नवीन जोडणी करून बघा. जमली तर ते काम मारून टाका.

जुनी उदाहरणं चिकटवू नका. नॅटचं व्याकरण ४.७ मध्ये (२०१०) बदललं. ‘नॅट ऑन...’ ने सुरू होणारी ओळ फ्रीबीएसडीची किंवा त्याआधीची.

पीपीपीओई (काही ब्रॉडबँडची जोडणी-पद्धत) असेल तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ होतो. ‘मॅच इन ऑल स्क्रब (नो-डीएफ रँडम-आयडी मॅक्स-एमएसएस १४४०)’ घाला. याची खूण अशी: पिंग चालतो, काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात. छोटी पाकिटं जातात, मोठी कुठेतरी गळतात आणि ‘तुकडे करा’ हा निरोप परत पोचत नाही.

वेगाबद्दल: पीएफचं काम फारसं समांतर होत नाही. एक गिगाबिटपर्यंत आजच्या छोट्या प्रोसेसरवर चिंता नको. दहा गिगाबिटची लाइन असेल तर लिनक्सचं एनएफटेबल्स. जास्त कोअर घेण्यापेक्षा एकेका कोअरचा वेग बघा.

गाठोडं

आणि वीज गेली की? एफएफएसला (ओपनबीएसडीच्या फाइल सिस्टिमला) जर्नल (बदलांची आधीच लिहिलेली नोंद) नाही. सॉफ्टडेपही (लिहिण्याचा क्रम सांभाळणारी सोय) ७.४ मध्ये निष्क्रिय केलं. स्क्रीन नसलेल्या राउटरवर एफएससीके (डिस्कची तपासणी) ‘हाताने चालवा’ म्हणून थांबला की घरातलं सगळं नेट बंद आणि यंत्र शांतपणे एकल-वापरकर्ता शेलमध्ये बसलेलं.

शून्य_सहा

खरी अडचण आहे, टाळाटाळ करत नाही. तीन गोष्टी: सिरियल पोर्ट असलेलंच यंत्र घ्या आणि /ईटीसी/बूट.कॉन्फ मध्ये ‘सेट टीटीवाय कॉम०’ लिहा, म्हणजे केबल लावून ‘एफएससीके -वाय’ देता येईल. डिस्क मोठी असली तरी पार्टिशनं छोटी ठेवा, उरलेली जागा मोकळी सोडा. तपासणीचा वेळ पार्टिशनच्या आकाराने वाढतो. लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवा, म्हणजे /व्हार वर सतत लिहिणं कमी. /यूएसआर रीड-ओन्ली करायची कल्पना आकर्षक वाटते, पण कर्नलची फेरजोडणी /यूएसआर/शेअर/रीलिंक मध्ये लिहिते, ती अडते.

तिखटमीठ

वीज हाच मुख्य शत्रू असेल तर अल्पाइनची डिस्कलेस पद्धत बघा. सगळी सिस्टिम मेमरीतून चालते, कार्डवर फक्त मूळ प्रतिमा आणि तुमच्या बदलांचं एक गाठोडं (आयडीचा संबंध नाही :) ). दोर खेचला तरी बिघडायला काही नाही. बदल केल्यावर ‘एलबीयू कमिट -डी’. मुळात फक्त /ईटीसी जपलं जातं, बाकी काही हवं तर ‘एलबीयू इन्क्लूड’. कमिट विसरलात तर पुढच्या बूटला सगळे बदल गायब, एसएसएचच्या यजमान-चाव्यासुद्धा, आणि तुमचा लॅपटॉप ‘कुणीतरी मधे बसलंय’ असा आरडाओरडा करतो. ‘सेटअप-एपीकेकॅश’ सुद्धा करा, नाहीतर नेटशिवाय बूट झालं तर पॅकेजेस येणार कुठून? राउटरच्या बाबतीत हा पेच विशेष विनोदी.

पायवाट

मस्त. लॅपटॉप?

निळा_कावळा

ओपनबीएसडी लॅपटॉपवर चालते, पण आधी हे वाचा.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स विसरा, इंटेल किंवा एएमडी. ब्लूटूथ २०१४ मध्ये काढून टाकलं, त्यामुळे बिनतारी हेडफोन नाही. सिक्युअर बूट फर्मवेअरमध्ये बंद करावं लागतं. हायपरथ्रेडिंग मुळात बंद (हार्डवेअरच्या गळतीमुळे, ६.४ पासून), चार कोअर आठ धाग्यांच्या यंत्रावर चारच दिसतील, एचडब्ल्यू.एसएमटी=१ ने चालू होतं, जोखीम तुमची. माइक आणि कॅमेरा कर्नलपातळीवर मुके-आंधळे असतात. कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड=१ आणि कर्न.व्हिडिओ.रेकॉर्ड=१ केल्याशिवाय कॉलमध्ये तुम्ही म्हणजे काळा चौकोन. /डेव्ह/व्हिडिओ० ची मालकीही तुमच्या नावाने करावी लागते.

फायरफॉक्स आणि क्रोमियम इथे अनव्हेलने बांधलेले आहेत. फाइल चढवायला गेलात की डाउनलोड्स सोडून बाकी होम रिकामं दिसतं. बिघाड नाही, हेतूच तो: ब्राउझर फुटला तरी तुमच्या एसएसएचच्या चाव्या त्याला दिसत नाहीत. फाइल डाउनलोड्समध्ये टाका आणि चढवा. कुंपण काढायच्या युक्त्या नेटवर सापडतात. ते काढायचं असेल तर मग ही सिस्टिम लावण्यातला बराच अर्थ गेला.

टॅब पटापट मरत असतील तर मेमरी संपलेली नसते, लॉगिन वर्गाची मर्यादा लागलेली असते. /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ मध्ये तुमच्या वर्गाचं डेटासाइज-कर आणि ओपनफाइल्स-कर वाढवा, ‘यूजरमॉड -एल स्टाफ’ ने वर्ग बदला, पूर्ण लॉगआउट करा. लॉगिन.कॉन्फ.डीबी ही फाइल बनवलेली असेल तर ‘कॅप_एमकेडीबी’ चालवल्याशिवाय बदल वाचलाच जात नाही.

इन्स्टॉल करताना ‘सगळं एकाच पार्टिशनमध्ये’ करू नका. मेमरी एकाच वेळी लिहिता आणि चालवता येणार नाही, हा नियम फक्त /यूएसआर/लोकलसाठी डब्ल्यूएक्सअलाऊड या माउंट-पर्यायाने सैल केलेला असतो. एकच पार्टिशन केलं की तो पर्याय कुठेच नसतो आणि सवलत लागणारे प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत. पूर्ण डिस्क-कूटबद्धता ७.३ पासून इन्स्टॉलरच विचारतो, हो म्हणा.

खवचट_खारूताई

आणि तरी या लॅपटॉपवर तुमचा ब्राउझर, पीडीएफ वाचक आणि चॅट एकाच वापरकर्त्याच्या नावाने, एकाच एक्स सर्व्हरवर चालणार. एक्सवर एक खिडकी दुसरीच्या कळा वाचू शकते. अनव्हेल फायरफॉक्सला बांधतं, पीडीएफ वाचकाला कोण बांधणार?

लॅपटॉपवर सुरक्षितता हाच पहिला निकष असेल तर उत्तर सगळ्यात जड सिस्टिममध्ये आहे: क्यूब्स. झेनवर (आभासी यंत्रं चालवणारा थर) वेगवेगळी आभासी यंत्रं. नेटवर्क कार्ड एका खोक्यात, फायरवॉल दुसऱ्यात, यूएसबी तिसऱ्यात. सगळ्यांवर ताबा ठेवणाऱ्या मुख्य खोक्याला, डोम० ला, नेटवर्कच नाही. संशयास्पद पीडीएफ एकदाच वापरून फेकायच्या यंत्रात उघडायची. प्रत्येक खोक्यात पूर्ण वाढलेला फेडोरा किंवा डेबियन. लाखो ओळी कोड, तरी फुटलं तर एक खोकं फुटतं. शिफारस १६ जीबी मेमरीची आहे आणि प्रोसेसरला व्हीटी-एक्स, व्हीटी-डी (आभासी यंत्रांसाठीच्या इंटेलच्या सोयी, किंवा एएमडीच्या समकक्ष) हवंच. आठ जीबीवर दोन-तीन खोकी उघडली की रांगायला लागतं. खोक्यांना ग्राफिक्सचा वेग मिळत नाही, व्हिडिओ कॉल प्रोसेसरवरच चालतो, पंखा आणि बॅटरी दोन्ही बोंबलतात. कॅमेरा दर वेळी सिस-यूएसबीतून (यूएसबीच्या खोक्यातून) कॉलच्या खोक्याला जोडून द्यावा लागतो.

मधला मार्ग: फेडोरा, वेलँड (एक्सच्या जागी वापरायचं), एसईलिनक्स (कुणी काय करायचं याची कडक नियमावली) लागू, बाहेरचे प्रोग्रॅम फ्लॅटपॅकमधून (प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पेटीत). फ्लॅटपॅकने ‘फाइलसिस्टिम=होम’ मागितलं असेल तर ‘फ्लॅटपॅक ओव्हरराइड --नोफाइलसिस्टिम=होम’. नाहीतर पेटी नुसती नावाला.

पायवाट

राउटर ओपनबीएसडी, सर्व्हर डेबियन, लॅपटॉप फेडोरा असं धरतो. दर सहा महिन्यांनी राउटर नव्या आवृत्तीवर चढवण्याचा क्रम कुणी देईल का? आधार फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना, म्हणजे वर्षभराच्या आत हलावंच लागणार.

शून्य_सहा

आवृत्ती ओलांडता येत नाही, एकेकच.

त्या आवृत्तीचं चढवण्याचं पान वाचा, विशेषतः बदललेल्या सेटिंगचा भाग. ‘डीएफ -एच’ करून /यूएसआर मध्ये एखादा जीबी मोकळा आहे ना बघा. जुन्या छोट्या मांडणीत इथेच अर्ध्यावर जागा संपते आणि अर्धी जुनी, अर्धी नवी सिस्टिम उरते. ‘सिसअपग्रेड -एन’ ने संच उतरतात, सही तपासली जाते, पण रिबूट होत नाही. ते /होम/_सिसअपग्रेड मध्ये बसतात. सोयीच्या वेळी रिबूट करा. बाकी आपोआप होतं. परत आल्यावर ‘सिसमर्ज’ चालवा, हाताने बदललेल्या फाइलींबद्दल तो विचारेल, पॅकेज असतील तर ‘पीकेजी_ॲड -यू’, शेवटी ‘सिसपॅच’. सिसपॅचने कर्नल बदलला तर परत रिबूट, लायब्ररी बदलली तर संबंधित डिमन ‘आरसीसीटीएल रिस्टार्ट’. चुकीचा पॅच वाटला तर ‘सिसपॅच -आर’ शेवटचा मागे घेतो.

कर्नलची फेरजोडणी फसल्याचा मेल आला तर रीलिंक.लॉग बघा. बहुतेक वेळा कुणीतरी कर्नल हाताने बदललेला असतो आणि त्याची बेरीज जुळत नाही.

पायवाट

एक शेवटचं. नव्या एसएसएचडीवर एका कार्यालयातून सगळेच अधूनमधून अडतात, दुसरीकडून नाही. पीएफमध्ये काही नाही.

निळा_कावळा

पर-सोर्स-पेनल्टीज, ओपनएसएसएच ९.८ पासून मुळात चालू. फसलेल्या लॉगिनला त्या पत्त्यावर पाच सेकंदांचा दंड. दंड साचत जातो आणि पंधरा सेकंद झाले की तो पत्ताच काही काळ नाकारला जातो. कार्यालयातले सगळे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असणार, म्हणून एकाचा दंड सगळ्यांना. एसएसएच-एजंटमध्ये (चाव्या धरून ठेवणारा प्रोग्रॅम) दहा-बारा चाव्या असलेला कुणीतरी शोधा. त्याचा क्लायंट आधी सहा चुकीच्या चाव्या दाखवतो आणि दर वेळी दंड भरतो. त्याच्या बाजूला ‘आयडेंटिटीज-ओन्ली येस’ आणि नेमकी चावी. सर्व्हरवर हवं तर तो पत्ता पर-सोर्स-पेनल्टी-एक्झेम्प्ट-लिस्टमध्ये घाला, पण अख्खी सोय बंद करू नका. लॉगमध्ये ‘ड्रॉप कनेक्शन’ च्या ओळीत ‘पेनल्टी’ शब्द दिसला की खात्री.